सतरावी सही

विदर्भातल्या क्रीडाप्रेमींनी १९३६ हे साल लक्षात ठेवायला हवे. त्या वर्षी ३० एप्रिलला गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. ऑगस्टमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. बडोद्याहून द. चिं. मजुमदारांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चा पहिला खंड निघाला. १९४९पर्यंत त्याचे दहा खंड झाले. आणि तिकडे अमेरिकेत बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'साठी टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅगनर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे पहिले पाच खेळाडू निवडले गेले.

या हॉलची इमारत न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावात १९३९ साली उघडली. हेच गाव का, याची गोष्ट मोठी बोधक आहे. ॲबनर डबलडे नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली इथेच बेसबॉल शोधून काढला, असा निर्वाळा एका समितीने दिला होता आणि त्याला आधार होता एका म्हाताऱ्याच्या आठवणीचा. पुढे त्या म्हाताऱ्याच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या सामानात एक फाटका चेंडू सापडला. स्टीफन क्लार्क या श्रीमंत गावकऱ्याने तो पाच डॉलरला विकत घेतला आणि त्याच्याभोवती संग्रहालय उभे राहिले. पण रॉबर्ट हेंडरसन या ग्रंथपालाने जुनी पुस्तके धुंडाळून १९४७च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की हा खेळ इंग्लंडातल्या जुन्या चेंडूफळीच्या खेळांतून आला आहे. म्हणजे वस्तूने रचलेली दंतकथा पुस्तकाने मोडली. संग्रहालय मात्र टिकले, कारण त्याने पुस्तकांशी वैर धरले नाही. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचा इतिहास सांगणारे रॉबर्ट पीटरसन यांचे पुस्तक १९७०ला आले आणि दुसऱ्याच वर्षी त्या लीगमधला महान गोलंदाज सॅचेल पेज हॉलमध्ये गेला. हा योगायोग नव्हे, असे मला ठामपणे वाटते.

आपल्याकडे त्या तोडीचा माणूस होता पळवणकर बाळू. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यातल्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखत होता आणि तिथेच जे. जी. ग्रेग या नामवंत फलंदाजाला सरावासाठी तासन् तास चेंडू टाकत होता. हिंदूंच्या क्लबाने त्याला संघात घेतले खरे, पण चेंडू सगळ्यांनी हाताळायचा आणि चहाच्या वेळी बाळूला मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा द्यायचा! १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले त्यात त्याचा वाटा मोठा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. ते मिळाले १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला, आणि तेही त्याआधी भावांनी संघाबाहेर राहून जाहीर निषेध नोंदवल्यावर.

हे सगळे आज आपल्याला कळते त्याचे मोठे श्रेय विठ्ठलच्याच मराठी आत्मचरित्राला आहे. 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ साली निघाले. रामचंद्र गुहांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' (२००२) लिहिताना त्याचा भरपूर आधार घेतला आणि बाळूचे नाव पुन्हा जगभर गेले. बाळूचा एखादा चेंडू काचेत ठेवलेला असता तर तो पाहून लोक पुढे गेले असते. चहाच्या त्या मातीच्या भांड्याची गोष्ट चेंडू सांगत नाही.

आता वर्ध्याकडे येऊ. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे संघ धर्मावर उभे होते. विजय हजारे ख्रिस्ती म्हणून 'इतरां'कडून खेळत. १९४३च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांत त्यांच्या एकट्याच्या ३०९ होत्या. या सामन्यांना मैदान तुडुंब भरायचे. १९४० साली मात्र जग युद्धात होते आणि पवनारच्या विनोबांपासून सुरू झालेल्या वैयक्तिक सत्याग्रहात माणसे तुरुंगात जात होती. खेळावे की नाही, हे विचारायला त्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला आली. गांधीजींनी निवेदन देऊन सांगितले, की सामने बंद करावेत म्हणणाऱ्यांच्या बाजूने आपण आहोत. कॉलेजांचे, संस्थांचे सामने समजू शकतो, धर्मवार संघ मात्र कधीच समजलेले नाहीत. हिंदू संघ त्या वर्षी उतरला नाही. पुढच्या वर्षी तो परतला, गर्दीही परतली, आणि १९४६च्या जानेवारीनंतर ही स्पर्धा कायमची थांबली. भारतीय क्रिकेटच्या इतिहासातला इतका मोठा नैतिक प्रश्न वर्ध्याच्या दारात आला होता, ही गोष्ट जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवी.

गांधीजींचा क्रिकेटशी आणखी एक धागा जुळतो, आणि माझ्या लेखी भारतीय क्रिकेटच्या साऱ्या संग्रहवस्तूंत त्याचे मोल सर्वांत जास्त. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची बहीण लक्ष्मी सही मागायला गेली तेव्हा गांधीजींनी तिची वही चाळली. १९३३-३४च्या दौऱ्यावर आलेल्या जार्डिनच्या एमसीसी, म्हणजे इंग्लंडच्या, संघाच्या सोळा सह्या एका पानावर होत्या. कोरे पान सोडून त्यांनी त्याच यादीच्या खाली, सतरावे म्हणून आपले नाव लिहिले! ज्यांच्या राज्याविरुद्ध लढायचे त्यांच्याच संघात बिनदिक्कत जाऊन बसणारा हा माणूस धर्मवार संघांत मात्र बसायला तयार नव्हता. त्या पानाजवळ १९४०चे निवेदन ठेवून वाचले की दोन्हींचा अर्थ उजळतो.

खेळाच्या वस्तू आणि पुस्तके यांचा बाकीचा आढावा थोडक्यात. पुण्यात रोहन पाटे यांनी जमवलेल्या बॅटी, जर्सी आणि सह्यांचे 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' संग्रहालय २०१२पासून आहे. नागपुरात जन्मलेले क्रिकेटपटू सी. के. नायडू यांच्यावर त्यांची कन्या चंद्रा नायडू यांनी १९९५ला पुस्तक लिहिले. हेलसिंकीच्या १९५२च्या ऑलिंपिकमधील कांस्यपदकाचे मानकरी खाशाबा जाधव यांचे चरित्र संजय दुधाणे यांनी मराठीत दिले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, हे मनाला लागते.

सेवाग्रामात बापूंच्या वापरातल्या वस्तू आणि व्हाइसरॉयने बसवून दिलेल्या टेलिफोनची जागा लोक थांबून थांबून पाहतात. तिथून जवळच, वर्ध्यातल्या एखाद्या ग्रंथालयात एक कपाट एवढ्यासाठी द्यावे: विठ्ठलचे आत्मचरित्र, व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड, नायडू आणि खाशाबांची चरित्रे, आणि १९४०च्या त्या निवेदनाची मोठ्या अक्षरातली मराठी प्रत. 'माझे क्रीडा-जीवन'ची नवी आवृत्ती कोणा प्रकाशकाने काढली, तर कपाटातली पहिली प्रत तीच असावी.