संकटकालीन मतदानवर्तन

युद्ध, आर्थिक मंदी, साथीचे रोग इ. संकटांत पसरणाऱ्या सार्वत्रिक चिंतेचा मतदारांच्या निर्णयावर होणारा परिणाम. अशा वेळी मतदार अनेकदा सत्तारूढांना दूर सारतात. अमेरिकेत १९३२ मध्ये हूव्हर यांचा पराभव करून रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४२ राज्ये जिंकली, ती महामंदीमुळेच. तथापि चिंता मतदाराला कोठे नेईल, हे केवळ संकटाच्या तीव्रतेवरून सांगता येत नाही. जर्मनीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९२८ मध्ये राइखस्टागच्या (संसदेच्या) निवडणुकीत नाझी पक्षाला २·६% मते मिळाली होती. १९३० मध्ये ती १८·३%, तर जुलै १९३२ मध्ये ३७·३% झाली. त्या वर्षारंभी बेकारांची संख्या सु. ६० लाख होती. यावरून बेकारांनीच हिटलरला तारले, असा समज रूढ झाला. तो फसवा आहे. जिल्हावार मतांच्या पृथक्करणातून असे दिसते, की काम गमावलेला मजूर बहुतांशी कम्युनिस्टांकडे वळला. आहे ते गमावण्याची धास्ती घेतलेले छोटे दुकानदार, कारागीर व प्रॉटेस्टंट शेतकरी नाझींकडे गेले. समाजशास्त्रज्ञ टेओडोर गायगर यांनी १९३० मध्येच मध्यमवर्गाच्या या घबराटीकडे लक्ष वेधले होते. कॅथलिक प्रदेशांनाही मंदीची झळ लागली होती. पण तेथील मतदारांचे चर्च व सेंटर पक्ष यांच्याशी असलेले जुने संबंध टिकून राहिले आणि नाझींना तुलनेने कमी मते पडली. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची मते ३३·१ टक्क्यांपर्यंत घटलीही. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला, तो बहुमताच्या बळावर नव्हे, तर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ख यांनी केलेल्या नियुक्तीमुळे.