मोटारीचें हेड गॅस्केट : निदान आणि दुरुस्ती

वऱ्हाडांतील वैशाखाचें ऊन माणसाप्रमाणें यंत्राचीही परीक्षा पाहतें. अकोला व अमरावती येथें मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जाणें नवें नाहीं. या दोन शहरांमधील रस्ता सुमारें ९५ किलोमीटरांचा. त्यावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर लांबीचें डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंड होऊन जागतिक विक्रम नोंदला गेला. रस्ता गुळगुळीत झाला. ऊन मात्र निवलें नाहीं. भर दुपारीं या रस्त्यानें वेगानें जातांना, किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट खालच्या गिअरमध्यें चढतांना, मोटारीच्या तापमापकाचा कांटा एकाएकीं लाल रेघेकडे सरकूं लागतो. पुढील दोन-चार मिनिटांत चालक काय करतो, यावर एंजिनाचें आयुष्य ठरतें.

एंजिनाच्या खालच्या भागास ब्लॉक व वरच्या झांकणवजा भागास हेड म्हणतात. दोहोंच्या सांध्यांत जो पातळ पत्रा दाबून बसविलेला असतो, तेंच हेड गॅस्केट. जळणारा वायु, थंडावा देणारें पाणी आणि वंगणाचें तेल या तिघांस एकमेकांपासून दूर ठेवणें हें त्याचें काम. सिलिंडरमधील ज्वाला क्षणभर २,००० अंशांच्या वर जाते, आणि बोटभर अंतरावर सुमारें ९० अंशांचें पाणी फिरत असतें. एका भिंतीच्या अलीकडे धगधगती चूल व पलीकडे पाण्याचा रांजण असावा, तशी ही व्यवस्था आहे.

ही भिंत ढासळते कां? बहुतेक नव्या गाड्यांचें हेड ॲल्युमिनियमचें असतें. हा धातु ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. हेड भलतेंच तापलें, कीं तें फुगूं पाहतें. परंतु बोल्टांनीं जखडलें असल्यामुळें त्यास मोकळीक मिळत नाहीं, आणि त्याची बैठक वांकडी होते. मग गॅस्केटावरील दाब जेथें कमी पडेल तेथून वायु वाट काढतो. म्हणजे गॅस्केट फाटणें हा बहुधा मूळ रोग नसून अतितापाचा परिणाम होय.

म्हणून कांटा चढूं लागतांच वातानुकूलन बंद करावें, गाडी सुरक्षित जागीं उभी करावी व एंजिन थांबवावें. ‘मूर्तिजापूर आतां जवळच आलें, तेवढें गांठूं’ हा मोह घातक आहे. कांटा आपोआप खालीं आला, तरी निश्चिंत होऊं नये. पाणी आटून मापक उघडा पडल्यास तो खोटा थंडावा दाखवितो. रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडणें तर जिवाशीं खेळ. दाबाखालीं असलेलें पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाहीं. झांकण सैल होतांच तें वाफ होऊन उसळतें आणि तोंड, हात भाजून काढतें. वरची रबरी नळी पुरती निवल्यावरच झांकण उघडावें व पाणी हळूहळू घालावें. तापलेल्या धातूवर थंड पाणी पडल्यास त्यास तडा जाऊं शकतो.

येथें वऱ्हाडची एक निराळी अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, दर्यापूर-अकोटच्या बाजूस, पुष्कळ विहिरींचें पाणी खारट असतें. अडल्या वेळीं तें घातलेंच, तर घरीं पोंचल्यावर काढून टाकून योग्य कूलंट भरावें. नाहीं तर क्षार बारीक नळ्यांत सांचतात, धातु गंजतो, आणि गाडी पुन्हां तापते.

आतां निदान. बाहेर कोठें गळती नसतां पाणी कमी होणें, एंजिन तापल्यावरही नळींतून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणें, तेल दुधाळ चहासारखें होणें, रेडिएटरमध्यें बुडबुडे सतत उठणें, हीं प्रमुख लक्षणें. परंतु एकाच लक्षणावरून निर्णय देऊं नये. थंडीच्या सकाळीं थोडी वाफ प्रत्येक गाडींतून निघते. फार थोडें अंतर चालणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झांकणाखालीं दंवाची साय धरते. खात्रीकरितां मिस्त्री प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो; शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत तो कमी भरल्यास संशय बळावतो. दुसरी परीक्षा निळ्या द्रवाची. रेडिएटरमधील हवा त्यांतून जाऊं दिली असतां तो पिवळा पडला, तर जळालेला वायु पाण्यांत शिरतो आहे असें समजावें.

दुरुस्तींत घाई अक्षम्य आहे. हेड थंड असतांच, बोल्ट बाहेरून आंत क्रमानें, थोडे थोडे सैल करून काढावें. सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून व तिच्याखालीं फीलर गेजची पान घालून त्याचा सपाटपणा पाहावा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा बांकही बहुधा चालत नाहीं. तसें आढळल्यास हेड फेसिंगला द्यावें आणि तडे आहेत कीं काय हें दाब देऊन तपासावें. गॅस्केट नवें हवेंच; पुष्कळ एंजिनांत बोल्टही नवेच लागतात, कारण ते एकदां ताणले जातात. बोल्ट आंवळतांना मधून बाहेर जावें, आणि टॉर्क रेंच घेऊन उत्पादकानें दिलेल्या मापानें, टप्प्याटप्प्यानें. शेवटीं तेल व फिल्टर बदलावें, आणि कूलंट भरून आंतील हवा काढून टाकावी.

इतकें करूनही थर्मोस्टॅट अडकलेला, पंखा बंद किंवा रेडिएटर चोंदलेला राहिला, तर सारा खर्च आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशा जातीचा होतो. नवें गॅस्केटही जुन्याच्याच वाटेनें जातें. म्हणून गाडीच्या मालकानें मिस्त्रीस ‘खर्च किती?’ हें विचारण्यापूर्वीं ‘एंजिन तापलें कां?’ हें विचारावें, आणि त्याचें उत्तर मिळाल्यावांचून गाडी ताब्यांत घेऊं नये.