पाठीमागच्या सीटबेल्टलाही दंड, अन् 'दोनच पेग'ला तुरुंग? नांदेड-लातूरकरांनो, नियम समजून घ्या

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाणाऱ्या गाड्यांमध्ये डोकावून पाहा. पुढच्यांनी बेल्ट लावलेला दिसेल, पण मागच्या सीटचा बेल्ट बहुतेकदा सीट कव्हरखाली दडलेला असतो. त्यात रात्री लग्नाहून परतणारा चालक 'दोनच पेग झालेत' म्हणत असेल, तर गाडीतल्या सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो.

मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा?
हो. केंद्रीय मोटार वाहन नियम 138(3) नुसार समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे. कायद्यात त्यासाठी 1,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

मराठवाड्याने या दुर्लक्षाची किंमत मोजली आहे. 3 जून 2014 रोजी दिल्लीतील अपघातात गोपीनाथ मुंडे यांचे निधन झाले. ते मागच्या सीटवर होते. मागचा बेल्ट शोभेपुरता असतो या गैरसमजाने मित्र गमावला, असे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर म्हटले होते.

बेल्ट नेमके काय करतो?
ताशी 60 किमी वेगात गाडी आदळली तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा धक्का सुमारे 14 मीटर, म्हणजे चार मजल्यांहून अधिक उंचीवरून पडण्याइतका असतो. बेल्ट शरीराला सीटशी धरून ठेवतो. एअरबॅगही बेल्ट लावलेला आहे हे गृहीत धरूनच बनवलेली असते. बीप बंद करणारी क्लिप म्हणजे स्वतःचीच फसवणूक. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिप हटवण्याचे आदेश दिले होते.

किती प्यायल्यास गुन्हा?
कायदा पेग मोजत नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की कलम 185 लागू होते. पहिल्यांदा 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावेच लागते. कॉफी, लिंबू किंवा थंड पाण्याने रक्तातले अल्कोहोल कमी होत नाही. ते काम यकृत आपल्या वेगानेच करते.

मग बदल कशाने होतो?
मोठ्या दंडापेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीने. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्सने डिसेंबर 1982 पासून संशय असो-नसो, कुणालाही थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली. त्यानंतर तिथले अपघाती मृत्यू लक्षणीय घटले. आपल्याकडेही 31 डिसेंबरपुरती नाकाबंदी पुरेशी नाही. लग्नसराईत आणि शनिवारी रात्री ढाब्यांच्या पट्ट्यात ती नियमित दिसायला हवी.

पण पोलीस प्रत्येक वळणावर नसतात. तिथे घरच्यांचे शब्द कामी येतात: "प्यायला असाल तर चावी द्या, आणि सगळ्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही." एमएच-24 असो की एमएच-26, अपघात पासिंग बघत नाही.