कर्कश आवाजाच्या मापात राग

संशोधनासाठी माणसांना एकमेकांच्या अंगावर सोडता येत नाही. म्हणून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट टेलर यांनी १९६७मध्ये स्पर्धेची युक्ती काढली. खूण होताच जो आधी बटण दाबेल तो जिंकला, आणि हरणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने ठरवलेला विजेचा झटका. आता हा खेळ संगणकावर चालतो आणि झटक्याऐवजी हेडफोनमध्ये कर्कश खरखर वाजते. ती किती मोठी आणि किती वेळ, हे सहभागी व्यक्ती प्रत्येक फेरीआधी ठरवते. पलीकडे बहुधा कोणी नसतेच; हारजीत सॉफ्टवेअरने आधीच ठरवलेली असते. नोंद अगदी काटेकोर होते, आणि घोळ सुरू होतो तो त्यानंतर. राग आवाजाच्या तीव्रतेत मोजायचा, कालावधीत, की दोहोंच्या गुणाकारात? कुणी डिवचण्याआधीची पहिली फेरी धरायची, की सगळ्यांची सरासरी? जर्मन संशोधक माल्टे एल्सन यांनी या पद्धतीवरचे सुमारे १३० शोधनिबंध चाळले, तेव्हा हिशेबाच्या दीडशेहून जास्त तऱ्हा निघाल्या. निबंधांपेक्षा तऱ्हाच जास्त! आकडे पाहून तऱ्हा निवडता येत असेल, तर हवा तो निष्कर्ष काढायला लबाडीचीही गरज नाही.

हा वाद प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. हिंसक व्हिडिओ गेम मुलांना विकण्यावर कॅलिफोर्नियाने घातलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये रद्द केली, तेव्हा असे गेम खेळल्यानंतर काही मिनिटे मोठा आवाज सोडणे हा परिणाम न्यायालयाला क्षुल्लक वाटला. शंका रास्तच होती. प्रतिस्पर्ध्याचे लक्ष उडवून जिंकण्यासाठीही कुणी आवाज चढवेल. त्याला आक्रमकता म्हणायचे की चढाओढ?

म्हणून अशी सगळीच साधने मोडीत काढावीत, असे मात्र नाही. डॉन चेरेक यांच्या पद्धतीत एक बटण शंभरदा दाबले की आपल्याला पैशांचा गुण मिळतो, दुसरे दहादा दाबले की समोरच्याचा गुण जातो, पण आपल्या पदरात काहीच पडत नाही. इथे निव्वळ नुकसान करण्याची इच्छा बरीच वेगळी दिसते. पॅरोलवर सुटलेल्यांपैकी हिंसेचा पूर्वेतिहास असलेल्यांनी हे दुसरे बटण इतरांपेक्षा जास्त दाबल्याचे चेरेक यांना आढळले. प्रयोगाबाहेरच्या वर्तनाशी असा मेळ बसणे ही खरी कसोटी. कर्कश आवाजाच्या खेळाला ती द्यायची, तर कुठला आकडा राग मानायचा हे पहिला सहभागी खुर्चीत बसण्याआधी लिहून जाहीर करावे लागेल.