चालत्या संशोधन-इमारतीशेजारी नवे बांधकाम : नियोजन आणि जबाबदारी

आज ठिकठिकाणी महाविद्यालये, विद्यापीठे व संशोधन संस्था यांच्या आवारात नवनवीन इमारती उभ्या राहत आहेत. जागा तीच, माणसे वाढलेली. त्यामुळे जुन्या इमारतीत काम चालू असतानाच तिच्या भिंतीला लागून नवा पाया खणावा लागतो. या विषयाचा आपल्या समाजाशी दुहेरी संबंध आहे. पत्र्याच्या कुंपणाच्या एका बाजूला घमेली वाहणारे आपलेच बांधव असतात आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेत प्रबंधाचे काम करणारी आपलीच मुले-मुली आता दिसू लागली आहेत. एकाच्या कामामुळे दुसऱ्याचे नुकसान होऊ नये, हा विचार म्हणूनच आपण समजून घेतला पाहिजे.

प्रथम मुंबईतील एक ऐतिहासिक उदाहरण पाहू. कुलाबा येथील वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि १८४० च्या दशकात तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. १-२ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उद्रेकामुळे जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची नोंद कुलाब्यात झाली होती. जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या नोंदीचा अभ्यास करतात. पुढे मुंबईत विजेची ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विद्युतप्रवाहामुळे नाजूक चुंबकीय उपकरणे बिघडलेले आकडे दाखवणार, हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबाग येथे लोखंड टाळून नवी वेधशाळा बांधण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि जुन्या आकड्यांशी नव्या आकड्यांचा सांधा जुळवला गेला. त्यानंतर १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. शहराची सोय झाली आणि अनेक दशकांची ज्ञानपरंपराही तुटली नाही. कारण एकच : काम सुरू होण्याआधी विचार झाला.

सर्वच प्रयोगशाळा अशा हलवता येत नाहीत. तेव्हा शेजारच्या बांधकामाचा त्रास कोणकोणत्या वाटांनी आत शिरतो, हे पाहू.

पहिली वाट कंपनाची. जमिनीचा हादरा सेकंदाला किती मिलिमीटर, या मापाने मोजतात. राहत्या घरांना इजा होऊ नये म्हणून जर्मन मानकात कमी वारंवारितेच्या हादऱ्यांसाठी पायाशी ५ मि.मी. ही मर्यादा सांगितली आहे. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या उपकरणासाठी ०.००६ मि.मी. इतकी बारीक मर्यादा धरतात. म्हणजे दोहोंत सुमारे आठशे पटींचा फरक झाला. भिंतीला तडा गेला नाही, आपल्या पायाला काही जाणवले नाही, म्हणून आतला प्रयोग सुरक्षित राहिला असे कंत्राटदाराने समजू नये.

दुसरी वाट आवाजाची. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. उंदराला ८० हजारांच्या वरचाही ऐकू येतो. आपल्याला सौम्य वाटणाऱ्या यंत्राने प्रयोगशाळेतील प्राणी घाबरतात, त्यांच्या सवयी बदलतात व प्रयोगाचे निष्कर्ष चुकतात.

तिसरी वाट धुळीची. खोदकाम व तोडफोड यांतून उडणाऱ्या धुळीबरोबर बुरशीचे बीजाणूही येतात. ते हवा खेचणाऱ्या यंत्रातून आत गेले, तर महिनोन्‌महिने वाढवलेल्या पेशी खराब होतात.

चौथी वाट विजेची व पाण्याची. जेसीबीच्या एका फटक्यात जमिनीखालची केबल तुटते. उणे ८० अंशांवर ठेवलेले नमुने वितळले, तर ते पुन्हा गोळा करता येतीलच असे नाही. विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे त्यात जातात आणि शिष्यवृत्तीची मुदत मात्र वाढत नाही.

आता उपाय. काम सुरू होण्याआधी जुन्या इमारतीतील प्रत्येक खोलीची यादी करावी : कोणते उपकरण, त्याला कशाचा त्रास, कोणत्या महिन्यात महत्त्वाचे काम. रोजच्या रहदारीने किती कंपन होते ते काही आठवडे मोजून ठेवावे. नाहीतर नंतर वाद झाल्यास तुलना कशाशी करणार? जुन्या तड्यांची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत. केबल व नळ कोठून गेले आहेत ते नकाशावर विसंबून न राहता हाताने छोटे खड्डे घेऊन पाहावे.

त्यानंतर पद्धत निवडावी. घण मारून खांब ठोकण्यापेक्षा जमीन कोरून खांब ओतल्यास हादरे पुष्कळ कमी होतात. ब्रेकरने फोडण्याऐवजी करवतीने काँक्रीट कापता येते. ट्रक जाण्याचा रस्ता सपाट ठेवला, खड्डे बुजवले, तरी बराच फरक पडतो. माती ओली ठेवावी, हवा खेचण्याच्या जागी गाळण्या बसवाव्यात व त्या वेळेवर बदलाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलणे. दोन्ही बाजूंनी एकेक जबाबदार व्यक्ती नेमावी. दर आठवड्याला पुढील कामाचे वेळापत्रक प्रयोगशाळेच्या दारावर लागावे. कंपनमापकाला दोन मर्यादा ठरवाव्यात : पहिली ओलांडताच सूचना, दुसरी ओलांडताच काम बंद. बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे आधीच लेखी असावे. आणीबाणीचे जिने व अग्निशामक गाडीची वाट एक दिवसही अडवू नये.

येथे एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. प्रयोगासाठी काम दोन तास थांबले, तर त्या दोन तासांची मजुरी कोणाची बुडते? बहुधा बिगाऱ्याची. आवाज नको म्हणून काम रात्री ढकलले, तर झोप कोणाची जाते? त्याचीच. विश्ववंद्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामगारांसाठी ४८ तासांच्या आठवड्याचे विधेयक १९४६ साली मांडले. बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला १९९६ साल उजाडले. म्हणून शांततेच्या तासांचा खर्च निविदेतच धरावा आणि थांबलेल्या वेळेची मजुरी करारात लिहून घ्यावी. ज्ञानाची किंमत सर्वांत गरीब माणसाच्या खिशातून वसूल होता कामा नये.

हा विचार आपल्याला परका नाही. विनयपिटकात भिक्षूला कुटी बांधायची असेल तर आधी संघाला जागा दाखवावी लागते. तेथे जीवजंतूंची वस्ती नसावी आणि सभोवती जुंपलेली गाडी किंवा शिडी फिरेल एवढी मोकळी जागा असावी, असा दंडक आहे. बांधकामावर देखरेख ठेवणाऱ्या भिक्षूला नवकम्मिक म्हणत. भारहूतच्या स्तूपावरील लेखातही हा शब्द येतो. जागा पाहणे, शेजाऱ्याचा विचार करणे, वाट मोकळी ठेवणे आणि एक जबाबदार माणूस नेमणे, ही चारही तत्त्वे तेथे आहेत.

आपल्या संस्थाही चालू वसतिगृहाशेजारी, अभ्यासिकेशेजारी नव्या इमारती बांधतात. तेथे सूक्ष्मदर्शक नसेल, पण परीक्षेला बसणारे विद्यार्थी असतात. परीक्षेच्या महिन्यात स्लॅब तोडण्याचे काम काढू नये, मुलांना वेळापत्रक कळवावे, कामगारांच्या बालकांसाठी सावलीची जागा व सर्वांसाठी पिण्याचे पाणी ठेवावे, एवढे तर आपण नक्कीच करू शकतो. स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हा विषय अभ्यासावा आणि आपल्या संस्थेच्या पुढच्या बांधकामाच्या वेळी ही यादी हातात घेऊन कार्यकारिणीसमोर उभे राहावे.

जय भीम!