वाय-फाय रेंगाळतंय? क्रमानं तपासा
● दोष कुठे? : लॅपटॉप लॅन केबलनं थेट राउटरला जोडून वेग मोजा. तिथेही कमी भरला, तर केबल बदलून पाहा, मग कंपनीला कळवा. पुरेसा असेल, तर दोष वाय-फायचा.
● जागा : राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात नको, घराच्या मध्यावर, उंचावर हवा.
● बँड : २.४ गिगाहर्ट्‌झ लांबवर पोचतो, पण शेजाऱ्यांचे राउटर आणि चालू मायक्रोवेव्ह त्यात अडथळा आणतात. राउटरजवळ ५ गिगाहर्ट्‌झ वापरा.
● चॅनल : २.४ वर १, ६, ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा.
● हिशेब : १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; डाउनलोडमध्ये दिसतील जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट.