अवयवाभासांतील उसना प्रकाश

कोकणच्या समुद्रात कधीकधी चमकणाऱ्या लाटांचा प्रकाश सूक्ष्मजीवांचा स्वतःचा असतो. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून वाढविलेल्या ऑर्गनॉइडमधील, म्हणजे अवयवाभासातील, प्रकाश मात्र प्रतिदीप्त रंगद्रव्यांनी उसना दिलेला असतो. 2009 साली हॉलंडमध्ये सातो व क्लेव्हर्स यांनी आतड्याच्या एकेका मूलपेशीपासून असे अवयवाभास वाढविले. अशा अवयवाभासांत आरएनए व प्रथिने कुठे आहेत, ते या उसन्या प्रकाशाने दिसते. आरएनए हा पेशीच्या दफ्तरातून सुटलेला हुकूम आणि प्रथिन ही त्याची अंमलबजावणी. हुकूम सुटला तरी अंमल झालाच असे नसल्याने दोन्ही एकत्र पाहावी लागतात. आरएनएला पूरक शोधक, तर प्रथिनाला प्रतिपिंड चिकटतो; त्यांच्यामार्फतच रंगद्रव्ये तिथे पोचतात. पण शोधकाला वाट करून देणारे पाचक विकर किंचित जास्त झाले, तर प्रतिपिंडाची खूणच नष्ट होते. शिवाय खोटी चमक ओळखण्यासाठी शोधकाविना व प्रतिपिंडाविना तपासलेला नमुना शेजारी नसेल, तर मनोहर चित्रावरही वाचकांनी भरवसा ठेवू नये.